चू. भू. द्या. घ्या.

गेल्या श्रावणातली गोष्ट. रविवारी सकाळी अण्णांनी मला एक कागद झेरॉक्सवाल्याकडून छापून आणायला लावला. वहिनीच्या मोबाईलवर दर आठवड्याला डिलिव्हरी ॲपचं पेमेंट स्टेटमेंट येतं, पीडीएफमध्ये, आणि अण्णांना ते बारीक अक्षर लागत नाही, दोन बोटांनी मोठं करायला गेलं की पान भलतीकडेच पळतं, शेवटी वैतागून म्हणाले, "कागदावर आण रे. हिशोब काय असा हवेत बघायचा असतो का?"

आणला. त्यांनी चष्मा बदलला, कानावरची पेन्सिल काढली (कामावरून घरी बसून अठरा वर्षं झाली तरी पेन्सिल कानावरच असते, आईनं हात टेकलेत) आणि पहिला प्रश्न, "अडत किती?"

अण्णा दिवाणजी होते. भुसार बाजारातल्या एका गाळ्यावर, आधी भवानी पेठेत आणि मग बाजार गुलटेकडीला हलला तेव्हा मार्केट यार्डात. मालक बदलले, पुढं मालकाचा मुलगा गादीवर बसायला लागला, अण्णा मात्र तेच. शेतकऱ्याचा माल गाळ्यावर उतरला, विकला गेला की त्याची पट्टी करायची हे त्यांचं काम. पट्टी म्हणजे हिशोबाचा कागद, वर पोती किती, वजन किती, भाव काय लागला, आणि खाली कापाकापी: हमाली, तोलाई, घेतलेली उचल, आणि अडत, म्हणजे मधल्या माणसाचं कमिशन. राहील ती रक्कम शेतकऱ्याच्या हातात. आमच्या घरात कुठलीही गोष्ट समजून घ्यायची असली की अण्णा तिची पट्टी करून बघतात, माझ्या लग्नाचीसुद्धा केली होती.

तर वहिनीची पट्टी अशी. कोविडात दादाचा पगार निम्म्यावर आला तेव्हा तिनं बिबवेवाडीतल्या घरातूनच पुरणपोळ्या, अळूवडी, थालीपीठ असं सुरू केलं, लायसन वगैरे रीतसर काढून, आणि श्रावणात तिचा खरा सीझन. त्या आठवड्याची विक्री १८,६४० रुपये. कमिशन २४ टक्के, म्हणजे ४,४७३ रुपये ६० पैसे. त्या कमिशनवर पुन्हा १८ टक्के जीएसटी, ८०५ रुपये २५ पैसे. ॲपमध्ये आपलं नाव वर दिसावं म्हणून लावलेली जाहिरात, टॅक्स धरून १,२००. टीडीएस १८ रुपये ६४ पैसे. आणि शेवटी एक ओळ, 'ऑर्डर ॲडजस्टमेंट', ४१२ रुपये. हातात ११,७३० रुपये ५१ पैसे.

अण्णांनी पेन्सिलीनं टकटक करत तोंडीच केलं, "शंभरातले सदतीस गेले." मग जरा थांबून, "आमच्याकडं एक आकडी टक्क्यांवरून लोक रस्त्यावर यायचे."

ते खरंय. २०१६ च्या जुलैत सरकारनं फळं-भाजीची अडत शेतकऱ्याकडून घ्यायची नाही, खरेदी करणाऱ्याकडून घ्या असं ठरवलं तेव्हा राज्यभर व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले होते, आमच्या सोसायटीत चार दिवस नुसतं बटाटा आणि डाळ चाललं होतं. आणि इथे गॅससुद्धा वहिनीचा, तूपही तिचं, पहाटे पाचला उठून पुरण वाटायचं तेही तिनंच, आणि शंभरातले सदतीस जातात तरी कुठं हूं का चूं नाही. मी अण्णांना म्हटलं, अहो पण त्यात त्यांचा पोरगा घरापर्यंत येतो, बाणेरचं गिऱ्हाईक वहिनीला एरवी कुठून मिळणार होतं. अण्णांना ते पटलंही. अडत्यावर त्यांचा राग कधीच नव्हता. "मधला माणूस फुकट राबत नाही, राबूही नये," हे त्यांचं ठाम मत, शेवटी त्यांचाही पगार त्याच अडतीतून निघायचा. त्यांचा आक्षेप वेगळ्याच ठिकाणी निघाला. कागद उलटापालटा करून म्हणाले, "खाली ते कुठाय?"

"काय?"

"चूक भूल."

पट्टीच्या तळाशी, सहीच्या वर, चार अक्षरं असायची. चू. भू. द्या. घ्या. जुन्या बिलांवर तुम्ही पाहिली असतील, आमचे किराणावाले तर अजून लिहितात. म्हणजे बाबा हिशोब माणसानं केलाय, चुकला असेल, तुझं आमच्याकडे निघत असेल तर घेऊन जा, आमचं तुझ्याकडे निघत असेल तर देऊन जा. वहिनीच्या कागदावर त्या जागी बारीक इंग्रजीत एक ओळ होती, तिचा अर्थ मी त्यांना सांगितला: हे स्टेटमेंट कॉम्प्युटरनं तयार केलेलं असल्यामुळे सहीची गरज नाही. अण्णा बराच वेळ त्या ओळीकडं बघत बसले. "म्हणजे हा चुकतच नाही?"

आता ते ४१२ रुपये. सहा पुरणपोळ्या आणि कटाची आमटी, ऑर्डर कोंढव्याची. आमटीचा डबा वहिनीनं प्लास्टिकनं गुंडाळून, वर रबर लावून दिला होता, मी स्वतः बघितलेला. पण कात्रज-कोंढवा रस्ता तुम्हाला माहितीच आहे, आणि पावसाळ्यातला तर बोलायलाच नको. आमटी सांडली, पोळ्या भिजल्या, गिऱ्हाईकानं फोटो काढून ॲपवर टाकला, त्याला पैसे परत मिळाले (मिळायलाच हवेत, त्या बिचाऱ्याची काय चूक) आणि तेवढे वहिनीच्या पेमेंटमधून वळते झाले. तिला कुणी काही विचारलं नाही. तक्रार करायला ४८ तास होते म्हणे, पण ती ॲडजस्टमेंट तिला दिसली तीच मुळी आठवड्याच्या स्टेटमेंटमध्ये. ऑर्डर नेली त्या पोराला विचारलं तर त्याचंही रेटिंग खाली गेलेलं.

अण्णांनी मग पोत्याची गोष्ट सांगितली. ट्रकमधून उतरवताना पोतं फाटायचं, ज्वारी फरशीवर. लगेच तिथंच कोर्ट बसायचं. शेतकरी म्हणणार हमालानं आकडा जोरात मारला, हमाल म्हणणार बारदानच जुनं होतं, मालक गादीवरून ओरडणार, आणि अण्णा दाराच्या मागं खोचलेला दाभण आणि सुतळी घेऊन उठणार. पोतं शिवून होईस्तोवर भांडण मिटलेलं असायचं, थोडं याच्या अंगावर, थोडं त्याच्या, आणि कडता, म्हणजे वजनातली घट, किती धरायचा ते पट्टीत लिहिलं जायचं. न्याय व्हायचाच असं नाही हं. अण्णा स्वतःच सांगतात की गरीब शेतकऱ्याच्या अंगावर जास्त पडायचं. पण तो गाळ्याच्या पायरीवर बसून राहू शकायचा, गेलो नाही तर काय कराल म्हणून, आणि पायरीवर माणूस बसलेला मालकाला परवडायचा नाही, चार गिऱ्हाईकं बघतात.

"ह्यांचा गाळा कुठाय?" अण्णांनी विचारलं. मी म्हटलं, हेड ऑफिस परगावी, बाकी सगळं क्लाउडवर. ते हसले नाहीत. (क्लाउड वर आभाळात नसतो हे त्यांना सांगायला हवं होतं. मायक्रोसॉफ्टनं २०१५ मध्येच पुण्यात डेटा सेंटर सुरू केलंय, म्हणजे ढग आपल्याच गावात जमिनीवर उतरलेला आहे, फक्त त्याला पायरी नाही.)

आता जरा माझ्याबद्दल सांगतो, कारण ते न सांगता हे लिहिणं लबाडी होईल. मी खराडीला एका आयटी कंपनीत आहे, आमची टीम परदेशातल्या एका मोठ्या शॉपिंग साइटचं काम करते. मागं एकदा जेवताना अण्णांनी विचारलं होतं, तू नेमकं करतोस काय रे, आणि मी उत्साहात सांगत सुटलो की बघा, एकाच वस्तूवर डिलिव्हरी चार्ज आम्ही निम्म्या लोकांना एक दाखवतो आणि निम्म्यांना दुसरा, आणि बघतो कुठं जास्त लोक विकत घेतात, याला टेस्टिंग म्हणतात, आणि एखादा माणूस वस्तू बास्केटमध्ये टाकून दोनदा निघून गेला तर तिसऱ्यांदा त्याला सूट दाखवतो, परत यावा म्हणून.

"आणि जो नेहमी घेतो त्याला?"

"त्याला कशाला सूट, तो घेणारच आहे."

अण्णांचा घास हातात राहिला. दुकानदारीचा उलटा धडा मी त्यांना सांगत होतो. वाण्याकडं रोजच्या गिऱ्हाईकाला मूठभर शेंगदाणे जास्त पडतात, परक्याला चोख वजन. आमच्याकडं रोजचा तो गळाला लागलेला, त्याला पूर्ण भाव.

मग म्हणाले, "म्हणजे हत्ता."

हत्ता मला माहीत नव्हता. ते चौदा-पंधरा वर्षांचे असताना, म्हणजे १९६१-६२ साली, भवानी पेठेत पोऱ्या म्हणून लागले तेव्हा भाव असा ठरताना त्यांनी बघितला होता. अडत्या आणि खरेदीदार समोरासमोर, दोघांच्या हातांवर एक रुमाल नाहीतर धोतराचा सोगा, आणि रुमालाखाली बोटं दाबून भाव. चेहरे कोरे. शेतकरी शेजारीच उभा, त्याच्याच मालाचा सौदा चाललेला आणि त्याला दिसतोय नुसता हलणारा रुमाल. वर तोंडानं सांगितला जाणारा भाव आणि खाली बोटांनी ठरलेला भाव एकच आहे का, हे कळायची सोय नाही. १९६३ साली राज्याचा बाजार समित्यांचा कायदा आला, उघड लिलाव आला, आणि अण्णांच्या मते बाजारात झालेली सगळ्यात मोठी सुधारणा कुठली तर ही. वजनकाटा नाही, ट्रक नाही, रुमाल गेला ही.

तो रुमाल मी खराडीत एसीत बसून पुन्हा विणतोय हे त्या दिवशी लक्षात आलं. नोकरी सोडली वगैरे काही नाही, होम लोन आहे.

आणि माझा रुमाल लहान. मोठे रुमाल कुठं आहेत ते गेल्या दोन-तीन वर्षांत कोर्टांत बाहेर आलं. तुम्ही एखादी बातमी उघडता, तिच्या बाजूला जाहिरात येते, ती जागा पान उघडेपर्यंतच्या क्षणात लिलावाला निघालेली असते. ती जागा विकणाऱ्या वेबसाइटचं सॉफ्टवेअर गूगलचं, जाहिरातदार ज्यातून बोली लावतो ते सॉफ्टवेअर गूगलचं, आणि मधे लिलाव जिथं होतो ते एक्स्चेंजही गूगलचं, तिथली त्यांची अडत शंभरातली वीस. एप्रिल २०२५ मध्ये व्हर्जिनियातल्या न्यायाधीश लिओनी ब्रिंकेमा यांनी निकाल दिला की यातल्या दोन ठिकाणी, वेबसाइटच्या बाजूचं सॉफ्टवेअर आणि एक्स्चेंज, गूगलनं बेकायदा मक्तेदारी केली. मी हे अण्णांना यार्डाच्या भाषेत सांगितलं, की समजा शेतकऱ्याचा अडत्या तोच, खरेदीदाराचा दलाल तोच, आणि लिलाव पुकारणाराही तोच. अण्णा म्हणाले, "आणि काटा?" म्हटलं काटाही त्याचाच. "मग बाजार कशाला म्हणायचं त्याला, ते घरच झालं."

तसंच ॲमेझॉनचं. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं जो दावा लावला त्यात आरोप आहे की कमिशन, जाहिरात, गोदाम असं सगळं धरून विक्रेत्याकडून शंभरातले जवळपास पन्नास जातात. आरोप आहे, सिद्ध व्हायचंय, पण वहिनीचे सदतीस बघितल्यावर मला ते अशक्य वाटत नाही. आपल्याकडं तर अडत्यानंच माल विकायला बसायची तऱ्हा होती. क्लाउडटेल नावाचा ॲमेझॉनवरचा एक बडा विक्रेता होता, त्यात खुद्द ॲमेझॉनची भागीदारी, नारायण मूर्तींच्या कॅटामरान या गुंतवणूक कंपनीबरोबर. १ फेब्रुवारी २०१९ पासून परकीय गुंतवणुकीचे नियम आवळले तेव्हा मालकीची टक्केवारी इकडची तिकडं झाली, आणि शेवटी २०२२ च्या मे महिन्यात ती भागीदारीच संपली. गूगलला तर आपल्या स्पर्धा आयोगानं ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडवरून १,३३७ कोटी ७६ लाखांचा दंड केला. आकडा ऐकून अण्णा खूश झाले होते, मग मी त्या कंपनीची वर्षाची विक्री सांगितली, २०२४ ची सुमारे ३५० अब्ज डॉलर, तर म्हणाले हा दंड म्हणजे हमालाला चहा.

हमालांवरून आठवलं. डिलिव्हरीची पोरं आमच्या बिल्डिंगखाली पावसात थांबलेली असतात, वॉचमन लिफ्टनं सोडत नाही म्हणून जिन्यानं चौथा मजला, आणि वहिनी त्यांना पाणी देते तर कधी गरम पोळी. यातला एक पोरगा बीकॉम झालेला. अण्णा त्याला बसवून घेऊन विचारत होते, लेव्ही कापतात का रे तुमची? त्याला लेव्हीच माहीत नाही. पुण्यात हमालांना बाबा आढावांनी हमाल पंचायतीत उभं केलं, आणि १९६९ चा माथाडी कायदा झाला त्यातली खुबी अशी की हमाल आज या गाळ्यावर, उद्या त्या, कुणा एकाचा नोकर नाही, तरी प्रत्येक व्यापाऱ्यानं मजुरीवर वरचे टक्के, म्हणजेच लेव्ही, माथाडी मंडळात भरायचे, त्यातून त्याचा फंड, बोनस, दवाखाना. म्हणजे 'हा आमचा नोकर नाही, आमचा पार्टनर आहे' हा जो डायलॉग आज ॲपवाले मारतात त्याचं उत्तर पुणे-मुंबईच्या हमालांनी पन्नासएक वर्षांपूर्वीच काढून ठेवलंय. राजस्थाननं २०२३ मध्ये गिग कामगारांसाठी कायदा केला तो याच वळणाचा, मंडळ आणि प्रत्येक व्यवहारावर शुल्क. केंद्राचा सामाजिक सुरक्षा कायदा २०२० चा, त्यात ॲप कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के भरायची तरतूद, पण तो लागू झाला नोव्हेंबर २०२५ मध्ये. पाच वर्षं. पोरगा म्हणाला, काका तोवर माझी गाडी दोनदा बदलून झाली.

सगळंच वाईट चाललंय असं म्हणणारा मी नाही. यूपीआयच्या प्रेमात तर अण्णाच पडलेत. मंडईत कोथिंबिरीच्या जुडीला क्यूआर स्कॅन करतात आणि दर वेळी मला ऐकवतात, "बिनअडतीचा." खरंच आहे, जानेवारी २०२० पासून दुकानदाराला त्यावर शुल्क नाही, आणि ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात २,००० कोटींवर व्यवहार झाले. रस्ता एनपीसीआयचा, म्हणजे देशातल्या बँकांनी मिळून काढलेल्या संस्थेचा, म्हणजे आपला. पण त्या रस्त्यावर धावणाऱ्या गाड्यांत दोनच मोठ्या, फोनपे आणि गूगल पे, दोघांत मिळून ऐंशी टक्क्यांवर व्यवहार. एका ॲपकडं तीस टक्क्यांहून जास्त नको असं एनपीसीआयनं २०२० मध्येच ठरवलं, मुदत वाढत वाढत २०२६ च्या अखेरीपर्यंत गेली. यात फोनपे वॉलमार्टच्या मालकीचं. अण्णांना विचारलं, बिनअडतीचा धंदा वॉलमार्ट कशाला करेल? ते म्हणाले, "वही बघायला मिळते ना. कोण कुणाला किती देतो हे ज्याला कळतं त्याला अडत कशाला लागते." दिवाणजी माणूस, वहीची किंमत त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळते. उचल कुणाला द्यायची नि कुणाला नाही हे त्यांचा मालक त्यांच्याच वहीत बघून ठरवायचा. आता वहिनीला आठवड्यातून दोनदा मेसेज येतो, तुमच्यासाठी झटपट कर्ज मंजूर. तिनं मागितलेलं नसताना.

४१२ रुपयांसाठी मी प्रयत्न केला, अगदीच नाही असं नाही. ॲपच्या चॅटवर गेलो. नमस्कार, मी तुमची काय मदत करू. ऑर्डर निवडा. कारण निवडा. सहा कारणं होती, त्यात 'रस्ता खराब होता' हे कारण नव्हतं, साहजिकच. 'इतर' दाबलं. लिहिलं सविस्तर, फोटो जोडला, डब्याचा, रबरासकट. उत्तर आलं: ही विनंती मुदतीबाहेर आहे. तुमची समस्या सुटली का? हो, नाही. 'नाही' दाबलं तर पुन्हा, नमस्कार, मी तुमची काय मदत करू. तीन फेऱ्या झाल्यावर अण्णा मागून बघत होते ते म्हणाले, "हा बसतो कुठं? एकदा समोर येऊ दे." वहिनी म्हणाली जाऊ दे हो भाऊजी, तेवढ्यात माझ्या दहा पोळ्या लाटून होतील.

तिनं सोडून दिलं. ॲप बंद केलं नाही, कसं करणार, निम्मी विक्री तिथूनच. फक्त जाहिरातीचे पैसे थांबवले, तर दोन आठवड्यांत ऑर्डरी घटल्या, मग पुन्हा चालू केले. बिबवेवाडी, सहकारनगर, धनकवडी इथली जुनी गिऱ्हाईकं आता फोनवरच ऑर्डर देतात आणि तो माल अण्णा स्वतः स्कूटरवरून पोचवतात, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, आईचा रोज आरडाओरडा. प्रत्येक डब्याबरोबर चिठ्ठी, पोळ्या किती, दर काय, आणि खाली त्यांच्या त्या तिरक्या अक्षरात चू. भू. द्या. घ्या. एका बाईंनी फोन करून विचारलं, काका हे शेवटचं काय लिहिलंय, डिस्काउंट कोड आहे का?

दिवाळीत लक्ष्मीपूजनाला अण्णा दर वर्षी अप्पा बळवंत चौकातून नवी लाल वही आणतात. नोकरी नाही, धंदा वहिनीचा, तिचा हिशोब एक्सेलमध्ये, तरी वही येते, तिच्यावर कुंकवानं स्वस्तिक, मधे सुपारी, पहिल्या पानावर 'श्री'. या वेळी पूजा झाल्यावर मी डोकावून बघितलं. डाव्या बाजूला जमा कोरी होती. उजव्या बाजूला त्यांनी त्या ॲपचं नाव लिहिलं होतं, आणि त्यापुढं: मागील वहीवरून येणे, रु. ४१२.